आगोट जवळ आली, मैदान मोकळं करा

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व संचालक,
आमच्या हायस्कूलची शिक्षण संस्था

विषय: शाळेच्या मैदानावरचा वाहनतळ आणि फुटबॉल संघांची थांबवलेली तयारी

सप्रेम नमस्कार.

एप्रिलच्या अखेरीस शाळेच्या फलकावर आपल्या सहीची सूचना लागली. मैदानाचा समुद्राकडचा अर्धा भाग पर्यटकांच्या गाड्या लावायला भाड्याने दिला आहे, उरलेल्या भागावर नव्या इमारतीसाठी चिरे आणि खडी उतरेल, त्यामुळे यंदा फुटबॉलचा सराव होणार नाही आणि शाळा स्पर्धेत संघ उतरवणार नाही, असा तिचा आशय. हे ठरवण्याआधी पालकांची सभा झाली नाही. मुलांना तर कुणी काही सांगितलंच नाही, त्यांनी ते फलकावर वाचलं. मी संस्थेच्या कार्यालयात अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता हे पत्र आपल्याला आणि सगळ्या गावाला लिहिते आहे.

मी याच शाळेची माजी विद्यार्थिनी. सुब्रतो मुखर्जी चषक ही शालेय फुटबॉल स्पर्धा १९६० सालापासून चालू आहे. हवाई दलाच्या पहिल्या भारतीय प्रमुखांचं नाव तिला दिलेलं आहे. मुलींचा १७ वर्षांखालील गट मात्र तीत २०१२ साली आला. त्यानंतर आपल्या शाळेने मुलींचा जो पहिला संघ उभा केला, त्यात मी डावीकडे बचावाला खेळायचे. आंबोलीचा घाट मी पहिल्यांदा चढले ती त्या संघाबरोबर, विभागीय सामन्यासाठी. कोल्हापूरच्या मुलींनी आम्हाला सपाटून हरवलं. पण परतीच्या एसटीत रडत कुणी नव्हतं. पुढच्या वर्षी कोण कुठल्या जागेवर खेळणार यावरून भांडणं चालली होती. आज मी काजूच्या कारखान्यात हिशेब लिहिते आणि कामावरून सुटले की मुलींच्या संघाला शिकवते. त्याचे पैसे घेत नाही, मागणारही नाही. माझी भाची त्या संघात मधल्या फळीत खेळते आणि जूनमध्ये दहावीत जाईल. म्हणजे या प्रकरणात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

आपण सूचनेत “यंदा” असा शब्द वापरला आहे, जणू एक वर्ष थांबलं तर फार बिघडत नाही. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीशी येऊन थांबतं, म्हणून ते जरा सविस्तर मांडते.

आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर फुटबॉलचा हंगाम कसा येतो ते बघा. एप्रिल आणि अर्धा मे मुलं आंब्यात असतात. कुणी बागेत उतरणीला, कुणी पेट्या भरायला. पाऊस ७ जूनच्या आसपास दारात येतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, जुलैमध्ये भाताची लावणी असते, आणि त्याच जुलै-ऑगस्टमध्ये जिल्ह्याचे सामने लागतात. जिल्हा जिंकलात तर विभाग, मग राज्य, आणि तिथून राष्ट्रीय. कोल्हापूर-सांगलीच्या संघांना वर्षभर मैदान मिळतं. आम्हाला नीट मिळतात ते मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडे आणि पावसाच्या उघडिपी. या दोन आठवड्यांत धावण्याचा दम तयार होतो, संघ ठरतो, नवीन मुलींना चेंडू छातीवर घ्यायची भीती जाते. पाऊस लागल्यावर ओल्या चेंडूवर आणि चिखलावर खेळायची सवय करायची, पण त्याआधी पाय तयार असावे लागतात. हे दोन आठवडे गेले की ते जूनमध्ये भरून निघत नाहीत.

आणि वय. या स्पर्धेत गट जन्मतारखेवर ठरतो, १ जानेवारीची रेघ ओढलेली असते. आपली शाळा दहावीपर्यंत आहे. यंदा दहावीत जाणाऱ्या मुली पुढच्या वर्षी कुठल्या तरी कॉलेजात असतील, कुणी कुडाळला, कुणी सावंतवाडीला, कुणी शिक्षण सोडून घरी. या शाळेचा शर्ट घालून खेळायचं त्यांचं हे शेवटचं वर्ष आहे. आपण इमारत पुढच्या वर्षी बांधू शकता, गाड्या पुढच्या वर्षी लावू शकता. या मुली पुढच्या वर्षी सोळाच्याच राहणार नाहीत.

आता तक्रारी, एकेक करून.

पहिली मैदानाची. फुटबॉलच्या नियमाप्रमाणे मैदान किमान ९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद लागतं. आपलं मैदान या मापात जेमतेम बसतं. त्याचा अर्धा भाग गेला की उरतं ते अंगण, ज्यात चेंडू एका कडेवरून दुसऱ्या कडेला मारायला शिकवता येत नाही आणि बचावाच्या चौघींना एका रेषेत पुढे-मागे सरकायला शिकवता येत नाही. गोलचे लोखंडी खांब काढून स्वच्छतागृहाच्या मागे टाकले आहेत. खाऱ्या हवेत उघड्यावर पडलेल्या लोखंडाचं काय होतं ते आपल्याला मी सांगायला नको. त्या खांबांना लागणारी जाळी वाडीतल्या एका तांडेलाने जुन्या जाळ्यांतून विणून दिली होती. ती कुठे आहे ते शाळेत कुणालाच माहीत नाही.

हे मैदान मुळात सपाट नव्हतं. डोंगराकडची बाजू उंच होती, खाली जांभा होता. आमच्या आधीच्या पिढीने श्रमदान करून ती बाजू फोडली, माती ओढली, कडेने दगडांचा गडगा घातला. पाण्याला वाट मिळावी म्हणून गडग्याच्या आतून चर काढला. दरवर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामात हा चर उपसायचा, खड्ड्यांत वाळू-माती भरायची, मग पावसात मैदान चालतं. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो; एक पावसाळा चर तुंबला तर मैदानाचं तळं होतं. आज त्या चरावरच चिऱ्यांचे थर लागले आहेत. म्हणजे गाड्या निघून गेल्या तरी जूनमध्ये मैदान वापरता येणार नाही. सूचनेत याचा उल्लेख नाही, आणि मला वाटतं हा विचार कुणी केलेला नसावा.

दुसरी तक्रार मुलांच्या जिवाची आहे आणि ती मी सगळ्यात गंभीर मानते. खडी मैदानभर विखुरली आहे. मुलं कुणाचंही ऐकत नाहीत, उरलेल्या तुकड्यावर ती खेळतातच, आणि त्यातली बरीचशी अनवाणी. पावसात ही खडी चिखलाखाली दिसेनाशी होईल, पाय कापतील, आणि त्याच कापलेल्या पायांनी मुलं साचलेल्या पाण्यात धावतील. साचलेल्या घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने आपल्या जिल्ह्यात माणसं गेली आहेत. दर पावसाळ्यात आरोग्य खातं सांगतं की पायाला जखम असेल तर चिखलपाण्यात उतरू नका. शेतकऱ्याला लावणीसाठी उतरावंच लागतं. शाळेच्या मैदानावर मात्र हा धोका आपण आपल्या हाताने तयार करत आहोत.

तिसरी गोष्ट आपल्यापैकी एका संचालकांनी मला तोंडी सांगितली: समोर एवढी मोठी वाळूची पुळण आहे, तिथे खेळवा. हा सल्ला चांगल्या मनाने दिला असेल, म्हणून त्याचं उत्तरही नीट देते. पुळणीवर धावून पोटऱ्या तयार होतात हे खरं, मुलींना आम्ही तिथे पळवतोच. पण वाळूत चेंडू घरंगळत नाही, उसळत नाही, आणि फुटबॉलचा निम्मा खेळ जमिनीवरून सरळ दिलेल्या चेंडूचा असतो. शिवाय भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज संध्याकाळी ५ वाजता ओहोटी असेल तर आठवड्याने त्याच वेळी भरती असते. कारखान्याची सुट्टी आणि शेवटची एसटी समुद्राच्या वेळापत्रकाने चालत नाहीत. आणि जून उजाडला की समुद्र पुळणीचा केवढा भाग ओढून नेतो, ते या गावात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. पावसाळ्यात तिथे मुलींना उभं करायची जबाबदारी मी घेणार नाही, आपणही घेऊ नये.

चौथी: दहावीचा निकाल. खेळामुळे अभ्यास मागे पडतो असं काही संचालकांचं मत असल्याचं कळलं. कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून दहावीच्या निकालात राज्यात पहिलं येत आलं आहे, आणि त्या सगळ्या वर्षांत आपल्या शाळेत फुटबॉल होता. खेळाडूंना दहावीला वाढीव क्रीडागुण मिळतात, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. हे मी लिहिते आहे कारण पालकांना ते माहीत असायला हवं. माझ्या लेखी मात्र मुलगी संध्याकाळी तासभर धावून घरी गेली, पोटभर जेवली आणि शांत झोपली, एवढं तिच्या अभ्यासाला पुरेसं आहे.

बाकीच्या थोडक्यात. शाळा सुटली की स्वच्छतागृहाला कुलूप लागतं, मुलींनी कुठे जायचं? क्रीडाशिक्षक निवृत्त झाल्यापासून ती जागा रिकामी आहे. क्रीडाशुल्क दरवर्षी घेतलं जातं, पण त्यातून घेतलेला एकही नवीन चेंडू मी पाहिलेला नाही. गेल्या हंगामात ज्या चेंडूंवर आम्ही खेळलो ते माजी विद्यार्थ्यांनी मुंबईहून पाठवलेले होते.

कायद्याबद्दल मी जपून लिहिते, कारण मी वकील नाही. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय असलं पाहिजे याची यादी आहे आणि तीत खेळाचं मैदान आहे. तो कायदा आठवीपर्यंतच्या मुलांना लागू आहे, म्हणजे आपल्या पाचवी ते आठवीच्या सगळ्या वर्गांना. मार्च २०२३ मध्ये हरियाणातल्या एका गावच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं की शाळा मैदानाशिवाय असू शकत नाही, आणि मैदानाच्या जागेवरचं अतिक्रमण नियमित करायला नकार दिला. आपल्याकडे अतिक्रमण नाही, जागा संस्थेचीच आहे, हे मला कळतं. म्हणून मला कोर्टात जायचं नाही. आपण ज्यांच्यासाठी ही जागा सांभाळता त्यांच्याशी बोलावं एवढंच मला हवं आहे.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपला जिल्हा फुटबॉलच्या दोन मोठ्या गावांच्या मध्ये आहे. घाट चढलात की कोल्हापूर, जिथे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि माणसं काम टाकून सामन्याला जातात. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. आणि तेरेखोल ओलांडली की गोवा, जिथे फुटबॉल राज्याचा अधिकृत खेळ आहे, जिथून ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक भारताचा कर्णधार झाला. मधल्या आमच्या मुलांच्या पायांत काही कमी आहे असं मी मानत नाही. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारने १० लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा उपक्रम केला, तेव्हा आपल्या शाळेचं मैदानही भरलं होतं. आपल्यापैकी काहीजण तेव्हा हजर होते आणि मुलांसाठी टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या मनापासून होत्या असं मी आजही मानते, आणि त्याच भरवशावर हे पत्र लिहिते आहे.

मुलींच्या बाबतीत तर हा खेळ आत्ता कुठे घरात शिरतो आहे. २०२२ साली मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील या तिघांकडूनही भारत हरला. आमच्या मुलींनी ते सामने मोबाइलवर गोळा होऊन पाहिले आणि त्यांच्या लक्षात राहिली ती कर्णधार, अष्टम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली मुलगी. त्यानंतर सरावाला येणाऱ्या मुली वाढल्या. ज्या आया आधी म्हणायच्या की पाय मोडला तर लग्न कसं होणार, त्याच आता डब्यात उकडलेलं अंडं जास्तीचं देतात. एका मुलीचे वडील खलाशी आहेत, बोलायला फार तोंड उघडत नाहीत. फलकावरची सूचना कळल्यावर ते मला एवढंच म्हणाले, “पोरांका खेळाक जागा व्हयी.”

इमारतीला माझा विरोध नाही. वर्ग गळतात, ते मी स्वतः गळत्या वर्गात बसून पाहिलं आहे. पर्यटकांनाही विरोध नाही. माझ्या चुलतभावाच्या घरी न्याहारी-निवास आहे आणि मे महिन्यावर त्यांचं वर्ष चालतं. चिरे आणि खडी ठेवायला शाळेच्या मागची, रस्त्यालगतची जागा मोकळी आहे, टेम्पो तिथपर्यंत जातो. गाड्यांसाठी जेटीच्या रस्त्याकडेची जागा ग्रामपंचायतीकडे मागता येईल. त्यासाठी पत्र लिहायचं असेल तर आम्ही पालक बरोबर सही करू.

आमच्या मागण्या अशा आहेत.

मैदानावरची खडी आणि चिरे २० मेच्या आत हलवावेत, चर मोकळा करावा. मजुरी वाचवायची असेल तर आम्ही श्रमदानाला येतो. मासेमारी १ जूनपासून बंद असते, होड्या त्याआधीच किनाऱ्याला लागतील, तेव्हा वाडीतली माणसं आणि त्यांचे हात मिळतील. पण चिरे नुसते बाजूला सरकवून चालणार नाही, खडी वेचावी लागेल, आणि ते काम पावसाआधीच होऊ शकतं.

वाहनतळाचा करार या महिन्याअखेर संपवावा आणि पुढे मैदान कशासाठीही भाड्याने देण्याआधी पालक-शिक्षक संघाची लेखी संमती घ्यावी. आतापर्यंत आलेलं भाडं किती आणि ते कुठे खर्च होणार, हे फलकावर लावावं.

संघ न उतरवण्याचा निर्णय मागे घ्यावा. स्पर्धेचा प्रवेश अर्ज शाळेच्या नावाने आणि मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने जातो; तो आम्हाला बाहेरून भरता येत नाही. मुलांचा आणि मुलींचा, दोन्ही संघांचा अर्ज मुदतीत जाईल असं मुख्याध्यापकांना लेखी कळवावं. जन्मदाखले आणि बाकीचे कागद आम्ही जमवून देतो.

सरावाच्या वेळेत मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली एका शिक्षिकेकडे किंवा शिपाईकाकांकडे असावी. आणि शेवटच्या एसटीची वेळ सरावानंतरची मिळावी म्हणून शाळेने आगाराला विनंती करावी. खेड्यातल्या मुलींना घर ते शाळा एसटीचा मोफत पास आहे, पण सराव सुटेपर्यंत गाडी निघून गेलेली असते आणि मुली अंधारात चालत जातात. शाळेचं पत्र असेल तर आगारात ऐकतात, आमचं ऐकत नाहीत.

क्रीडाशिक्षकाची जागा भरायला वेळ लागेल हे समजतं. तोवर मी मुलींना आणि गावातले दोन जुने खेळाडू मुलांना शिकवायला तयार आहोत. आमची नावं, पत्ते, पोलिसांचा दाखला, जे लागेल ते घ्या. शाळेतली एक शिक्षिका सरावाला हजर राहिली तर आम्हाला ते हवंच आहे.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आम्ही पालक आणि माजी विद्यार्थी शाळेच्या आवारात जमणार आहोत. आपण यावं, आमच्यासमोर बसावं आणि यातलं काय मान्य आहे, काय नाही, ते कारणांसह सांगावं. तो दिवस सोयीचा नसेल तर दुसरा दिवस कळवा, पण तो २० मेच्या आधीचा असू द्या.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी,
मुलींच्या संघाची प्रशिक्षक